गप्प असेल त्याच्याकडे आधी

"तुझ्या खोलीतून बाहेर पडायले रस्ते किती?"

नव्या माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात, आडनावावरून बाकीचं काढतात. दीदींनी मला पहिल्या दिवशी पहिला प्रश्न विचारला तो हा. नवं राज्य झालं, कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि त्या यादीत माझं नाव रायपूरच्या बाजूला पडलं. भोपाळहून सामान आणून मी बूढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत, एक खोली घेतली होती. तिला तीनच दिवस झाले होते.

"एकच," मी म्हटलं. "दार."

"खिडकी?"

"आहे. गज आहेत तिला."

"मग थे खोली नाई बापू, पिंजरा हाय. घरमालकाले म्हना, गज कापून कडीचं दार बसव."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी घरमालकाला काही सांगितलं नाही, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी दीदी एका लोहाराला सायकलच्या मागे बसवून स्वतःच आल्या. सायकल लोहार चालवत नव्हता, दीदी चालवत होत्या. घरमालकाशी त्या अर्धा तास छत्तीसगढीत भांडल्या. काय बोलल्या ते मला तेव्हा कळलं नाही, पण शेवटी घरमालक "हव दीदी, हव" म्हणत बाजूला झाला आणि माझ्या खिडकीचे गज कापले गेले. त्या घरात राहिलो तोवर गल्लीत माझं नाव 'खिडकीवाले भैया' असंच होतं.

आमचं ऑफिस म्हणजे एका जुन्या दवाखान्याची इमारत. नव्या राजधानीला बसायला जागा नव्हती, म्हणून रुग्ण हलवून सरकार बसवलं होतं. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर खाटेचा नंबर अजून दिसत होता. पाऊस पडला की भिंतींतून औषधांचा वास सुटायचा. दीदी तिथे 'राहत', म्हणजे आपत्ती-मदत, शाखेत मोठ्या बाबू होत्या. पूर, आग, सर्पदंश, वीज, अशा कारणांनी माणूस गेला की त्याची फाइल जिल्ह्यातून यायची ती त्यांच्या टेबलावर.

पन्नाशीच्या असाव्यात. जन्म रायपूरचा, पण आजोबा अमरावतीकडून रेल्वेत आलेले, नवराही रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरात वऱ्हाडी पक्की टिकली होती. नेसायच्या सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. कोणी बुटांकडे पाहिलं की म्हणायच्या, "चपलीनं पळता येत नाई." दाराकडे पाठ करून कधी बसल्या नाहीत. लग्नाच्या पंगतीत गेल्या तरी आधी मांडवाला किती तोंडं आहेत ते पाहून यायच्या आणि मग जिलबी घ्यायच्या. ऑफिसच्या मागच्या जिन्यात कोणी लोखंडी कपाट ठेवलं होतं. ते हलवावं म्हणून त्यांनी अर्ज केले. उत्तर आलं नाही, तेव्हा एका शनिवारी चार शिपायांना जेवण घालून कपाट गच्चीवर नेऊन टाकलं. सोमवारी साहेब ते शोधत फिरले.

साहेबांचा त्यांच्यावर राग होता, आणि बासीच्या प्रकरणानंतर तो पक्का झाला. त्या काळात राज्याच्या दक्षिणेकडच्या जंगलातून दर आठवड्याला काहीतरी ऐकू यायचं. सुरुंग, जळालेली जीप. राजधानीत मात्र आम्हाला वाटायचं, ते सगळं नकाशाच्या खालच्या टोकाला आहे. एका सकाळी दीदींना आमच्या शाखेत, रिकाम्या टेबलाखाली, एक रेक्झिनची पिशवी दिसली. "कोनाची हाय?" असं त्यांनी तीनदा विचारलं. कोणी बोललं नाही. तेव्हा त्यांनी पदराच्या टोकाला बांधलेली गार्डची शिट्टी काढली आणि अशी फुंकली की माझ्या हातातून शाईची बाटली पडली. दहा मिनिटांत सगळा मजला रस्त्यावर. पोलीस आले. पिशवी उघडली तर तिच्यात ॲल्युमिनियमच्या डब्यात पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या. झाडूवाल्या मावशींची बासी होती. मावशी तेव्हा वरच्या मजल्यावर फरशी पुसत होत्या.

लोक इतके हसले की काहींना रस्त्यावरच बसावं लागलं. साहेब लालबुंद झाले. "क्या मज़ाक बना रखा है!"

दीदी शांतपणे म्हणाल्या, "सर, बासी निकली, अच्छा हुआ. बम निकलना चाहिए था क्या?"

त्यानंतर ऑफिसात एक कुजबूज सुरू झाली: दीदींच्या घरात नक्की काहीतरी घडलंय. कोणी म्हणे भाऊ आगीत गेला, कोणी म्हणे मूल बुडालं. मलाही ते खरं वाटलं. त्याशिवाय माणूस असा होतो का? एकदा चहा पिताना मी चाचरत विचारलं, "दीदी, तुमच्याकडे कधी कोणी... म्हणजे असं अपघातात..."

"कोनी नाई," त्या म्हणाल्या. "सगळे जिवंत हायेत. माय नव्वद वर्षांची होऊन झोपेत गेली."

"मग हे सगळं..."

"काहून? आपल्या घरचं कोनी मेल्याशिवाय मानसाले अक्कल येऊ नये काय?" त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "मी ह्या फायली वाचते. तुम्ही नुसत्या पाठवता."

ते खरं होतं. मी पानं तपासायचो, सह्या तपासायचो. त्या पंचनामा वाचायच्या. एका पावसाळ्यात त्यांनी विजेच्या फायली काढून जमिनीवर मांडल्या आणि मला बोलावलं. छत्तीसगढीत वीज पडण्याला गाज म्हणतात. गाज गिरे ले मौत, गाज गिरे ले मौत, सगळीकडे तेच. "आता मधली ओळ वाच," त्या म्हणाल्या. मी वाचू लागलो. महुआ झाडाखाली. पिंपळाखाली. महुआ झाडाखाली. पाऊस आल्याने झाडाखाली थांबले असता. मग त्यांनी पुढची ओळ दाखवली आणि मी दचकलो. पुष्कळ कागदांत लिहिलं होतं की इसमास गावकऱ्यांनी शेणात गळ्यापर्यंत पुरून ठेवलं, नंतर दवाखान्यात नेलं, तिथे मृत घोषित.

"शेणात? कशाला?"

"शेन करंट ओढून घेते म्हनतात. अंगात करंट राह्यतच नाई, ओढते काय? वीज लागली की मानसाचा श्वास थांबते. काहीचं हृदय बंद पडते, काहीचं चालू राह्यते. त्याच वेळी छाती दाबली, तोंडानं हवा देली, तर जगू शकते. आन् हे लोकं त्याच्या छातीवर शेन चढवून वाट पाहत बसतात." त्यांचा आवाज चढला. "ह्यातले कितीतरी जिवंत होते रे. पुरताना जिवंत होते."

एवढं त्या एका डॉक्टरांच्या मागे लागून शिकून आल्या होत्या. मग त्यांनी ते मला शिकवायचं ठरवलं. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी गादीची गुंडाळी करून जमिनीवर ठेवलेली असायची आणि मी गुडघे टेकून ती दाबायचो. गार्डसाहेब पाटावर बसून आकडे मोजायचे. निवृत्त, गोरे, मृदू बोलणारे गृहस्थ. "दाबा भाऊ," ते म्हणायचे. "तीस वर्षं मी सिग्नल पाळले, आता हिचे पाळतो. एवढं काही वाईट नसतं." माझे हात भरून यायचे. दीदी म्हणायच्या, "गादी थकत नाई, तू काहून थकतो?"

दर रविवारी त्या बसने अभनपूरला जायच्या आणि तिथून पुढच्या गावांत चालत. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा, घर नसेल तर दूर दूर उकिडवे बसा, पाय जुळवून. लोक ऐकून घ्यायचे. "हव दीदी" म्हणायचे. चहा पाजायचे. आणि आभाळ आलं की झाडाखाली जायचे.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो तो खरं सांगायचं तर कंटाळा घालवायला. धानाची रोवणी चालू होती. बारा-पंधरा बाया गुडघाभर चिखलात ओळीने वाकून रोपं लावत होत्या, एकजण नांगर धरून पुढची बांधी, धानाच्या शेताचा तुकडा, तयार करत होता. बांधीच्या कडेला मोहाचं जुनं झाड होतं आणि त्याखाली सगळ्यांचे डबे. दीदी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून त्यांच्याशी बोलत होत्या तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ आलं. काळं नाही, हिरवट. भर दुपारी बगळे परत फिरले.

पहिला गडगडाट झाला आणि सगळ्या बाया हसत, ओरडत झाडाकडे पळाल्या. मीही पळालो. लाज वाटते सांगायला, पण सगळं पाठ असून मी पळालो. पाऊस आला की पाय झाडाकडेच जातात.

दीदींनी शिट्टी फुंकली. कोणी पाहिलं नाही. मग त्या धावत आल्या आणि छत्रीच्या दांड्याने बायांना मारू लागल्या. खरंच मारू लागल्या, पाठीवर, पायांवर. एका म्हातारीला हाताला धरून ओढलं तेव्हा तिच्या बांगड्या फुटल्या. मला मानेला धरून ढकललं. "निकलो! निकलो इहाँ ले!" बाया घाबरल्या त्या विजेला नव्हे, ह्या पिसाळलेल्या बाईला, आणि शिव्या देत खालच्या गाडीवाटेकडे पळाल्या. तिथे दीदींनी आम्हाला लांब लांब बसवलं. तिघं मात्र निघाली नाहीत. नांगरवाला, एक पोक्त बाई, आणि त्याच वर्षी लग्न होऊन आलेली एक सून. दीदी त्यांच्यासाठी परत वळल्या होत्या.

आवाज मला आठवतच नाही. पांढरं झालं, एवढं आठवतं. डोळे उघडले तेव्हा तोंडात लोखंडाची चव होती आणि मोहाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती. दीदी वाटेतच चिखलात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि चालू लागल्या.

झाडाखाली पोक्त बाई किंचाळत होती. तिचा पाय पोळला होता, लुगडं धुमसत होतं. नांगरवाला आणि सून गप्प पडले होते, डोळे अर्धवट उघडे. मी धावत त्या बाईपाशी गेलो, कोणीही गेला असता. दीदी तिला ओलांडून पुढे गेल्या. ती त्यांच्याकडे हात करत होती, "दीदी ओ, दीदी ओ," आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिले सोड!" त्या माझ्यावर ओरडल्या.

"अहो, ती जळतेय!"

"चिखल फेक अन् सोड! थे ओरडून राहिली, म्हंजे थे जिवंत हाय. गप्प असेल त्याच्याकडे आधी! त्या मानसाले पाह्य!"

मी तिच्या लुगड्यावर दोन ओंजळी चिखल टाकला आणि तिचा हात माझ्या मनगटावरून सोडवला. इतकं निर्दय काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. मग नांगरवाल्याच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबू लागलो. गादी आणि माणूस ह्यांत फार फरक असतो. माणसाचं काहीतरी आत कडकन वाजतं. वाजलं तरी मी थांबलो नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाऊस माझ्या पाठीवरून त्याच्या तोंडावर गळत होता, मी मध्येच थांबून त्याला हवा देत होतो, पुन्हा दाबत होतो, आणि एकदा त्याने बुडणाऱ्या माणसासारखा मोठा श्वास ओढला. मी भीतीने मागे पडलो.

तेवढ्यात गावातली माणसं आली. सुनेचा सासरा पुढे होता. दीदी तिच्या छातीवर वाकलेल्या होत्या. त्याने दीदींना खांद्याला धरून बाजूला केलं आणि चौघांनी त्या पोरीला उचललं. धुऱ्यापलीकडेच शेणखताचा खड्डा होता, तिकडे त्याला घुरवा म्हणतात. दीदी त्यांच्या हातांना लोंबकळल्या, पाया पडल्या, शेवटी एकाला चावल्या. त्यांना ढकलून दिलं. माझ्या देखत त्या मुलीला खड्ड्यात उभं केल्यासारखं बसवलं आणि फावड्यांनी भराभर शेण लोटलं, हनुवटीपर्यंत. मग सगळे मागे सरून उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे.

दीदी ओरडायच्या थांबल्या. त्या खड्ड्यात उतरल्या. पोटावर आडव्या झाल्या, कोपरं शेणात रुतली, एका हाताची दोन बोटं मुलीच्या गळ्याशी दाबून धरली, दुसऱ्या हाताने तिचं नाक धरलं आणि तोंडाला तोंड लावून हवा फुंकू लागल्या. फुंकायच्या, मान वळवून श्वास घ्यायच्या, पुन्हा फुंकायच्या. पावसाने शेण पातळ होऊन त्यांच्या गालांवरून, ओठांवरून, तोंडात जात होतं. त्या थुंकायच्या आणि पुन्हा ओठ लावायच्या. गावातल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. त्यांना कोणी अडवलं नाही. गावकऱ्यांचं शेण घालून झालं होतं, आता ह्या वेडीने काय करायचं ते करो.

पाऊस ओसरला तरी त्या फुंकत होत्या. मध्येच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "नाडी हाय रे. श्वास नाई. नाडी हाय." आणि पुन्हा वाकल्या. मी जवळ जाऊन हातांनी छातीवरचं शेण उपसू लागलो, तेव्हाही कोणी काही बोललं नाही. शेवटी ती पोरगी खोकली. उलटी केली, आणि एखादं लहान मूल रडावं तसा बारीक आवाज काढला.

"बाँच गे!" सासरा ओरडला. वाचली. तो रडत खाली वाकला, घुरव्यातलं शेण चिमटीत घेतलं आणि कपाळाला लावलं. "गोबर हर बचा दिस!" शेणाने वाचवलं. बाकीचेही वाकले. एकाने शेण दीदींच्याच कपाळाला लावलं.

मी दीदींकडे पाहिलं. वाटलं, आता फुटतील. पण त्या खड्ड्याच्या काठावर बसून धापा टाकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. तिघांना ट्रॉलीत घालून अभनपूरच्या दवाखान्यात नेलं. तिघंही जगली. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने दीदींना बसू दिलं नाही, त्या मागच्या दारापाशी उभ्या राहून रायपूरपर्यंत आल्या. घरी गार्डसाहेबांनी दारात पाहिलं आणि अंगणात बादल्या भरायला घेतल्या.

मी जवळपास महिनाभर नीट जेवलो नाही. पण लोकांना ती गोष्ट मी अभिमानाने सांगायचो.

पुढच्या पावसाळ्यात दीदी एक फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. त्या स्वतः उठून कधी कोणाकडे जात नसत. "वाच," म्हणाल्या. शेजारच्याच गावचा एक शेतकरी. वीज पडली, शेणात पुरला, दिवसभर ठेवला, संध्याकाळी बाहेर काढला तो मेलेला. खाली साक्षीदाराचं म्हणणं होतं. गेल्या वर्षी बाजूच्या गावात ह्याच उपायाने एक बाई बरी झाली होती, म्हणून आम्ही डॉक्टरकडे नेलं नाही.

"ह्याले मी मारलं," दीदी म्हणाल्या.

"दीदी, असं काय बोलता? तुम्ही तर..."

"मी त्या दिवशी चूप राहिली. सगळे खुश होते, पोरगी जगली होती. मले वाटलं, कशाले ह्याइच्या आनंदात भांडन. मी थकली पन होती." त्यांनी फाइल परत घेतली. "बोलायले पायजे होतं. तोंडात शेन असलं तरी बोलायले पायजे होतं."

त्या रविवारी आम्ही पुन्हा त्या गावात गेलो. मला खात्री होती, आज त्या सगळ्यांना झोडपणार. सासऱ्याच्या ओसरीवर माणसं जमली. दीदींनी मेलेल्या माणसाचं सांगितलं. सगळे ऐकत राहिले. मग सासरा हात जोडून म्हणाला, "फेर गोबर त लगाबोच दीदी." पण शेण तर आम्ही लावूच.

दीदींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "लगाव. कनिहा के खाल्हे."

कमरेच्या खाली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या पुढे सांगत होत्या, पाय शेणात ठेवा, हवं तेवढं लावा, पण माणूस आडवा, छाती उघडी. छाती दाबायची, तोंडाने फुंकायचं. श्वास परत आला की लगेच दवाखाना. वाचलेली सून दाराआडून ऐकत होती. दीदींनी तिलाच बाहेर बोलावलं, कोंड्याचं पोतं आडवं टाकलं आणि तिच्याकडून दाबून घेतलं. ती लाजत, हसत दाबत होती. सासरा शेजारी बसून पोत्याच्या खालच्या टोकाला खरोखरचं शेण लावत होता.

बसमध्ये मी दीदींशी भांडलो. "तुम्ही शेणाला परवानगी दिलीत! इतकी वर्षं ज्याच्याविरुद्ध बोलता, तेच स्वतःच्या तोंडाने सांगितलंत!"

"मी त्याले पायाशी नेलं," त्या म्हणाल्या. "आजवर छातीवर होतं."

श्रावणाच्या शेवटी त्याच गावात तळ्यावर एका माणसावर वीज पडली. गावकऱ्यांनी त्याचे पाय शेणात ठेवले आणि बाया आळीपाळीने त्याची छाती दाबत राहिल्या. एका छोट्या वर्तमानपत्रात बातमी आली, की सरकारी बाईच्या सल्ल्याने शेणाचा उपचार. कात्रण साहेबांच्या टेबलावर गेलं. मराठीत शेण खाणं म्हणजे काय, ते साहेबांना माहीत नसेल, पण दुपारपर्यंत ऑफिसातल्या आम्हा चार मराठी माणसांमध्ये तोच विनोद फिरत होता. मीही हसलो.

कारणे दाखवा नोटीस तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी नेटकी टाइप केली. क्या यह सत्य है कि आपने गोबर के प्रयोग की सलाह दी? क्या आपने इसके लिए अनुमति ली थी? क्या यह शासकीय सेवक के आचरण के अनुरूप है? मीच ती दीदींच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचली. "दुसऱ्या ओळीत मात्रा चुकली," म्हणाल्या, आणि पेन्सिलीने खूण केली. "आन् एक प्रश्न राहिला."

"कोणता?"

"थो मानूस जगला का मेला."

मी नोटीस पुन्हा पाहिली. साहेबांना तो प्रश्न सुचला नव्हता हे समजू शकतो. मी स्वतः दीदींबरोबर त्या गावात जात होतो, एका माणसाला माझ्या हातांखाली श्वास घेताना पाहिलं होतं, आणि पूर्ण पान टाइप करताना ते माझ्याही मनात आलं नव्हतं. "जगला?" मी विचारलं.

"जगला. डाव्या कानानं आयकू येत नाई. बाकी ठीक हाय."

त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि बदली आवक-जावक शाखेत झाली, टपालावर नंबर टाकायला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, संगत पाहून वागावं. त्यानंतरच्या रविवारी मी बस स्टँडवर गेलो नाही. गार्डसाहेबांनी मला नंतर सांगितलं, दीदींनी माझ्यासाठी दोन बस सोडल्या आणि तिसरीने एकट्या गेल्या.

सोमवारी मी त्यांना टाळत होतो. दुपारी दीदी स्वतःच टपालाचा गठ्ठा घेऊन आमच्या शाखेत आल्या. मी उठून उभा राहिलो, काहीतरी कारण तोंडात जुळवत होतो.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझी नोकरी कच्ची हाय. मले समजते." मग आवाज खाली करून, एखादी खुशखबर सांगावी तसं म्हणाल्या, "काल सात बायांनी पोतं दाबून पाहिलं. थे सून शिकवत होती. मी नुसती बसली होती."

माझं टपाल मोजून माझ्यापुढे ठेवलं आणि सही घेऊन त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी मान खाली घालून टाइपरायटरवर कागद चढवला. कशाचा होता, ते आता आठवत नाही.